‘बेस्ट’: कशांपैकी, आणि कोणाच्या मापाने?

प्रश्न माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंचा आहे. ‘गुड, बेटर, बेस्ट’ हा तक्ता शिकवताना त्या ‘बेस्ट म्हणजे सर्वोत्तम’ असं सांगतात, मुलं ते पाठ करतात. पुढे आठवी-नववीत मुलं स्वतःहून वाचायला लागली की अडतात. ‘ॲट बेस्ट’ या शब्दांत नापसंती कशी येते? ‘यू हॅड बेस्ट गो’ यात ‘हॅड’ कशासाठी? ‘बेस्ट बिफोर’ उलटून गेलेला पुडा टाकायचाच का? ‘बेस्ट मॅन’ नवरदेव नसतो, तर कोण असतो? एका शब्दाचे इतके अर्थ वर्गात कसे समजावायचे, असं त्यांनी विचारलं आहे.

इंग्रजीतले करार, शपथपत्रं, मालाची लेबलं, रुग्णालयांची संमतिपत्रं मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करते. या कामात अवघड कायदेशीर संज्ञांपेक्षा ‘बेस्ट’ जास्त चुकतो. संज्ञा अडली की माणूस कोश उघडतो. ‘बेस्ट’ आपल्याला येतोच अशी खात्री असते, म्हणून कोणी थांबत नाही.

बाई, आधी थोडक्यात उत्तर देते. ‘बेस्ट’ म्हणजे समोर जे आहे त्यातलं सगळ्यात वरचं. समोर काय आहे, हे प्रत्येक वाक्यात बदलतं. कधी ते सांगितलेलं असतं, बहुतेक वेळा गृहीत धरलेलं असतं. आपल्या ‘सर्वोत्तम’ शब्दात ही हद्द पुसली जाते आणि ऐकणाऱ्याला वाटतं की याच्या वर जगात काही नाही. मुलांना अर्थांची यादी देण्यापेक्षा दोन प्रश्न विचारायची सवय लावा: कशांपैकी बेस्ट? आणि कोणाच्या मापाने? तुमच्या यादीतली बहुतेक उदाहरणं एवढ्यावर सुटतात. उरलेल्यांचं पुढे सांगते.

खेळातलं उदाहरण मुलांना लगेच पटतं. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची शर्यत, धावतो. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंद अशी वेळ दिली. तो त्याचा ‘पर्सनल बेस्ट’ होता, भारताचा राष्ट्रीय विक्रमही होता, आणि त्या शर्यतीत तो सहावा आला. सहावा आलेला माणूस ‘बेस्ट’ कसा, हे कोड्यासारखं वाटतं. कशांपैकी हे विचारलं की उत्तर मिळतं: त्याच्या स्वतःच्या आजवरच्या धावांपैकी. निकालपत्रात खेळाडूच्या वेळेपुढे ‘पीबी’ आणि ‘एसबी’ ही अक्षरं असतात. पहिली आयुष्यभरातल्या सर्वांत चांगल्या कामगिरीची, दुसरी त्या हंगामातली. गट लहान केला, तरी शब्द तोच राहिला.

याच क्षेत्रात ‘वर्ल्ड बेस्ट’ आणि ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ वेगळे आहेत. मॅरेथॉनचे मार्ग एकसारखे नसतात, चढउतार वेगळे असतात, त्यामुळे २००४ पर्यंत मॅरेथॉनच्या सर्वांत जलद वेळेला अधिकृतपणे विश्वविक्रम म्हणत नव्हते, ‘वर्ल्ड बेस्ट’ म्हणत. म्हणजे तिथे ‘बेस्ट’ हा शब्द ‘रेकॉर्ड’च्या एक पायरी खाली होता: आजवर नोंदवलेली सर्वांत चांगली वेळ, पण अधिकृत विक्रमाचा शिक्का नसलेली.

आता ‘ॲट बेस्ट’. ‘द फिल्म इज ॲव्हरेज ॲट बेस्ट.’ इथे गट आहे तो त्या चित्रपटाबद्दल देता येतील अशा सगळ्या मतांचा. त्यातलं सर्वांत उदार मत घेतलं तरी ते ‘ठीकठाक’ एवढंच निघतं. छप्परच इतकं खाली, म्हणून सूर नापसंतीचा. मराठीत याला नेमका शब्द आहे: ‘फार तर’. ‘चित्रपट फार तर बरा म्हणता येईल.’ यात ‘सर्वोत्तम’ कुठे येतच नाही, तरी अर्थ पुरा येतो. याचं भावंड ‘ॲट इट्स बेस्ट’ एका छोट्या सर्वनामाने उलटं फिरतं. श्रावणातला सह्याद्री ‘ॲट इट्स बेस्ट’ असतो, म्हणजे ऐन भरात असतो. इथे गट त्याच गोष्टीच्या वेगवेगळ्या वेळांचा. तिसरं, ‘ॲट द बेस्ट ऑफ टाइम्स’. घाटातला रस्ता ‘ॲट द बेस्ट ऑफ टाइम्स’ अवघड आहे, म्हणजे एरवीसुद्धा अवघड आहे, मग पावसात विचारायलाच नको. मुलांना हे तिन्ही शेजारी शेजारी लिहून द्या आणि ‘फार तर’, ‘ऐन भरात’, ‘एरवीसुद्धा’ हे मराठी शब्द त्यांच्याकडूनच काढून घ्या. त्यांना ते येतात, फक्त इंग्रजीच्या तासाला आठवत नाहीत.

पुड्यावरच्या ‘बेस्ट बिफोर’बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे अर्थ चुकला तर एकतर चांगलं अन्न कचऱ्यात जातं किंवा वाईट अन्न पोटात जातं. कायद्याच्या दृष्टीने ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख दर्जाची आहे. सांगितल्याप्रमाणे साठवलं तर या तारखेपर्यंत पदार्थाची चव, वास, कुरकुरीतपणा, कंपनीने जे जे गुण सांगितलेत ते टिकतील. त्यानंतर पदार्थ खायला सुरक्षित असू शकतो, पण त्या गुणांत उतरलेला असेल. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख सुरक्षिततेशीही बांधलेली आहे, ती उलटल्यावर तो माल विकायला किंवा वाटायला मनाई आहे. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली लेबलांचे नवे नियम केले, त्यात ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख बंधनकारक ठरली आणि ‘बेस्ट बिफोर’ जोडीला द्यायची ऐच्छिक माहिती झाली. मिठाईच्या दुकानात काचेमागच्या सुट्या मिठाईसाठीही १ ऑक्टोबर २०२० पासून ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावण्याची सक्ती करण्यात आली होती. औषधावर मात्र एक्स्पायरीच पाहायची, तिथे ‘अजून चालेल’ असा विचार करायचा नाही.

तेव्हा मुलांना काय सांगाल? पुड्यावर दोन्ही तारखा असतील तर एक्स्पायरी ही लक्ष्मणरेषा. ती शिल्लक असेल, फक्त ‘बेस्ट बिफोर’ उलटली असेल, पुडा न फोडलेला आणि नीट ठेवलेला असेल, तर पदार्थ केवळ त्या तारखेमुळे विषारी होत नाही. पुडा फुगलेला, ओलावलेला, उग्र वासाचा असेल तर तारीख बाकी असली तरी टाकायचा, कारण तारखेचं सगळं आश्वासन ‘सांगितल्याप्रमाणे साठवलं तर’ या अटीवर उभं असतं.

मराठी लेबलांवर मी ‘या तारखेपूर्वी सर्वोत्तम’ असं छापलेलं वाचते तेव्हा फार खटकतं. ते मराठी वाक्यच नाही आणि त्यातून ग्राहकाला काही कळत नाही. मी ‘उत्तम दर्जा या तारखेपर्यंत’ असं सुचवते. ‘दर्जा’ हा शब्द आला की तारीख कशाची आहे ते सांगावं लागत नाही. ‘पूर्वी’ऐवजी ‘पर्यंत’ घेतला की छापलेला दिवस धरायचा की नाही, हा घोळही जातो.

कायद्याच्या भाषेत ‘बेस्ट’ पदोपदी भेटतो, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो मर्यादा सांगायला आलेला असतो. शपथपत्राच्या शेवटी इंग्रजीत ‘ट्रू टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ’ असतं. आपल्या कोर्टाच्या मराठीत यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे: ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे.’ त्यात ‘बेस्ट’ला प्रतिशब्दच नाही आणि तरी काही सांडलेलं नाही. मला जेवढं ठाऊक आहे त्याच्या हद्दीत हे खरं आहे, असं सांगणारा सांगतो. ज्या कोणा लेखनिकाने ते वाक्य पहिल्यांदा असं बसवलं त्याला मूळ इंग्रजी नीट उमगलं होतं.

आयकराच्या नोटिसांत ‘बेस्ट जजमेंट असेसमेंट’ दिसतं. १९६१ च्या आयकर कायद्यात ते कलम १४४ मध्ये आहे. करदात्याने विवरणपत्र भरलं नाही किंवा मागितलेली कागदपत्रं दिली नाहीत, तर अधिकाऱ्याने हाती असलेल्या माहितीवरून उत्पन्नाचा आकडा ठरवायचा. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यातही अशी तरतूद आहे. एका करदात्याने मला विचारलं होतं, ‘माझ्यावर इतका कर लावला आणि त्याला बेस्ट म्हणतात?’ इथे गट आहे तो अपुऱ्या माहितीवरून काढता येतील अशा निष्कर्षांचा, आणि माप अधिकाऱ्याच्या विवेकाचं. १९३७ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, एका भारतीय प्रकरणात हे फार स्वच्छ मांडलं: अशा आकारणीत अंदाज असणारच, पण तो प्रामाणिक अंदाज असला पाहिजे, सूडाने किंवा लहर लागली म्हणून केलेला नको. म्हणून मराठीत मी ‘उपलब्ध माहितीवरून सद्सद्विवेकाने केलेली आकारणी’ असं लिहिते. लांब आहे, पण ‘सर्वोत्तम निर्णय आकारणी’ वाचून कोणालाही काही कळणार नाही.

करारात ‘बेस्ट एफर्ट्स’ किंवा ब्रिटिश वळणाने ‘बेस्ट एंडेव्हर्स’ येतं. मराठी मसुद्यांत याचं ‘सर्वोत्तम प्रयत्न’ करून टाकतात. चांगली मराठी ‘शक्य ते सर्व प्रयत्न’ म्हणते, आणि जोर द्यायचा असेल तर ‘प्रयत्नांची शिकस्त’. ‘शक्य ते’ आणि ‘सर्व’ या दोन शब्दांत कायद्याचा अख्खा वाद सामावला आहे. इंग्लंडमध्ये १९११ साली एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितलं की बेस्ट म्हणजे बेस्टच, दुय्यम प्रयत्न चालणार नाहीत, एकही दगड उलटायचा राहता कामा नये. हा झाला ‘सर्व’चा अर्थ. पुढे १९५२ च्या एका निकालात स्पष्ट झालं की या शब्दांमुळे कंपनीने स्वतःचं दिवाळं काढून घ्यावं अशी अपेक्षा नाही, शहाणा माणूस स्वतःचं हित सांभाळून जेवढं करेल तेवढं करायचं. हा ‘शक्य’चा अर्थ. अशी अट असलेल्या करारावर सही करणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की यात फळाची हमी नाही, पण हात राखून काम केलं तर तो करारभंग ठरू शकतो.

मुलांच्या ताब्याच्या आणि दत्तकाच्या प्रकरणांत ‘बेस्ट इंटरेस्ट ऑफ द चाइल्ड’ हे तत्त्व असतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ते तिसऱ्या कलमात आहे, भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही त्याची व्याख्या दिली आहे: मुलाचे मूलभूत हक्क आणि गरजा, त्याची ओळख, त्याचं सामाजिक स्वास्थ्य, त्याची शारीरिक, भावनिक आणि बौद्धिक वाढ. आईवडील वेगळे होतात तेव्हा सर्वांत चांगला पर्याय, म्हणजे दोघांनी सुखाने एकत्र राहणं, आधीच मोडलेला असतो. उरलेल्या वाटांपैकी मुलाला सर्वांत कमी दुखावणारी आणि सर्वांत जास्त सावरणारी वाट न्यायालय शोधतं. ‘बेस्ट’ची हद्द किती अरुंद असू शकते आणि त्या अरुंद हद्दीतही तो शब्द किती मोलाचा असतो, हे मला या निकालपत्रांचं भाषांतर करताना सर्वांत जास्त जाणवतं. इथे मी ‘सर्वोत्तम हित’ असंच ठेवते. कोर्टात ते रुळलं आहे आणि रुळलेली संज्ञा बदलण्याचा हट्ट भाषांतरकाराने धरू नये.

तुमचा ‘हॅड बेस्ट’. ‘यू हॅड बेस्ट गो नाऊ.’ ‘हॅड’ दिसलं तरी भूतकाळ नाही, ‘हॅड बेटर’सारखाच हा साचा आहे, पण आज कमी वापरला जातो आणि थोडा जुन्या वळणाचा वाटतो. यापुढे क्रियापद ‘टू’शिवाय येतं. मराठीत सांगायचं तर ‘तू आता गेलेलं बरं’. बघा, इंग्रजीने शिडीची सर्वांत वरची पायरी घेतली आणि आपण ‘बरं’ ही सर्वांत खालची, तरी दोन्ही वाक्यं एकाच जागी पोचतात. ‘बेस्ट लेफ्ट अनसेड’ म्हणजे ‘न बोललेलंच बरं’. ‘बेस्ट अव्हॉइडेड’ म्हणजे ‘टाळलेलंच बरं’. ‘इट्स ऑल फॉर द बेस्ट’ म्हणजे ‘जे होतं ते बऱ्यासाठीच’. सल्ला देताना मराठी माणूस आवाज चढवत नाही, ‘बरं’वर भागवतो. ‘इट इज बेस्ट टू वेट’चं ‘थांबणं सर्वोत्तम आहे’ असं भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला एवढंच विचारा: तुझी आजी हे कसं सांगेल?

त्याच चालीचं आणखी एक: ‘मेक द बेस्ट ऑफ इट’ आणि ‘मेक द मोस्ट ऑफ इट’. पहिल्यात परिस्थिती वाईट आहे आणि आहे त्यात निभावून न्यायचं आहे. दुसऱ्यात संधी चांगली आहे आणि तिचा पुरेपूर लाभ घ्यायचा आहे. नोकरीच्या अर्जात ‘या संधीचं आय विल मेक द बेस्ट ऑफ इट’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की अर्जदाराला ही नोकरी नाइलाजाने पत्करावी लागते आहे.

‘गुड’चं ‘बेस्ट’ कसं होतं, हे मुलं नेहमी विचारतात. खरं तर होत नाही. ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ वेगळ्याच धातूचे आहेत, ‘गुड’ला स्वतःची तुलनेची रूपं नव्हतीच. जर्मनमध्येही तसंच, लॅटिनमध्येही तसंच. आणि संस्कृतमध्येही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात सूत्र दिलं आहे, ‘प्रशस्यस्य श्रः’: ‘प्रशस्य’ म्हणजे प्रशंसेला योग्य, या शब्दाला तुलनेचे प्रत्यय लागताना त्याच्या जागी ‘श्र’ येतो. म्हणून श्रेयस् आणि श्रेष्ठ. मूळ शब्द एक, पुढची दोन रूपं दुसऱ्याच मुळाची, अगदी ‘गुड, बेटर, बेस्ट’सारखी.

याहून सुंदर गोष्ट प्रत्ययाची. इंग्रजीचा ‘-एस्ट’ आणि संस्कृतचा ‘-इष्ठ’ हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत. ‘स्वीटेस्ट’ आणि संस्कृत ‘स्वादिष्ठ’ हे शब्द तर मुळासकट भाऊबंद आहेत. मराठीत आपण ‘स्वादिष्ट’ लिहितो आणि त्यात ‘सर्वांत गोड’ हा अर्थ उरलेला नाही, नुसतं ‘चविष्ट’ उरलं आहे. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ, गरिष्ठ, हे सगळे जन्माने तमभावाचे, म्हणजे ‘सर्वांत’ असा अर्थ सांगणारे शब्द. पण कार्यालयात वरिष्ठ लिपिकाच्या वर कितीतरी अधिकारी असतात, ज्येष्ठ नागरिक होण्यासाठी गावात सर्वांत म्हातारं असावं लागत नाही, आणि गरिष्ठ जेवण म्हणजे पचायला जड जेवण, इतकंच. ‘श्रेष्ठ’ तर इतका झिजला की त्याला ‘सर्वश्रेष्ठ’ करावं लागलं. तमभाव दाखवणारे शब्द वापरून वापरून खाली उतरतात, भाषा त्यांना पुन्हा टेकू देते. मुंबईत ‘मिसळ एकदम बेस्ट आहे’ म्हणणारा बाकीच्या मिसळींशी तुलना करत नसतो, त्याला ‘छान’ म्हणायचं असतं. इंग्रजीतून मराठीत येताना ‘बेस्ट’ही तसाच उतरला आहे. ‘बेस्टची बस’ या सगळ्यापासून वेगळी, ते मुंबईच्या वीज आणि बससेवा उपक्रमाच्या इंग्रजी नावाचं आद्याक्षरी रूप आहे, हे मुलांना एकदा सांगून ठेवा.

परीक्षेत गुण जातात अशा जागांबद्दल आता भरभर लिहिते. ‘वन ऑफ द बेस्ट’नंतर नाम अनेकवचनी हवं: ‘वन ऑफ द बेस्ट प्लेअर्स’. आपण मराठीत ‘खेळाडूंपैकी एक’ म्हणताना सामान्यरूपात अनेकवचन करतोच, इंग्रजी लिहिताना मात्र ‘वन’कडे बघून एकवचन लिहितो. वृत्तपत्रांच्या इंग्रजी आवृत्त्यांतही ही चूक सापडते. गट सांगताना जागा किंवा संस्था असेल तर ‘इन’: ‘द बेस्ट इन द क्लास’. मोजके नग असतील तर ‘ऑफ’: ‘द बेस्ट ऑफ द थ्री’. नामाच्या आधी ‘द’ किंवा ‘माय’, ‘हर’ असं काही हवंच. क्रियाविशेषण म्हणून आला तर गरज नाही: ‘आय लाइक टी बेस्ट’. ‘मोस्ट बेस्ट’, ‘मोर बेटर’ आज चूक. ‘ॲज बेस्ट आय कॅन’ बरोबर, दुसरं ‘ॲज’ लावायचं नाही. दोन गोष्टींत ‘बेटर’ आणि तीन किंवा जास्त असतील तर ‘बेस्ट’ हा नियम परीक्षेसाठी पाळायला सांगा, पण तो अढळ आहे असं सांगू नका. ‘पुट युअर बेस्ट फूट फॉरवर्ड’ म्हणतात आणि पाय दोनच असतात.

दोन प्रश्न विचारूनही न सुटणारे वाक्प्रचार मोजके आहेत, ते पाठच करावे लागतात. ‘द बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर’ म्हणजे तासातला सर्वांत मजेचा भाग असं मुलांना वाटतं. त्याचा अर्थ जवळजवळ तासभर. वेटिंग रूममध्ये कंटाळून काढलेला वेळही ‘बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर’च असतो. ‘बेस्ट मॅन’ म्हणजे ख्रिस्ती लग्नात नवरदेवाच्या पाठीशी उभा राहणारा त्याचा जिवलग. अंगठी सांभाळणं, जेवणाच्या वेळी भाषण करणं ही त्याची कामं. वसईतल्या किंवा गोव्यातल्या लग्नाला गेलेल्या मुलांनी तो पाहिलेला असतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतला ‘बेस्ट बॉय’ हा प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या विभागप्रमुखाचा पहिला सहायक, पुरस्काराशी त्याचा संबंध नाही. ‘सिक्स ऑफ द बेस्ट’ म्हणजे जुन्या ब्रिटिश शाळांतल्या सहा छड्या. आणि क्रियापद म्हणून ‘टू बेस्ट’ म्हणजे हरवणं, मात करणं. ‘टू वर्स्ट’ या क्रियापदाचा अर्थही हरवणं असाच. दोन टोकांचे शब्द क्रियापद होताच एका अर्थाचे झाले, हे मला अजून नवलाचं वाटतं.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळं समजावावं लागेल, कारण त्यांना त्याचा एक अर्थ घरातच कळलेला असतो. टेनिसमध्ये पुरुषांचे ग्रँड स्लॅम सामने ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ असतात: जास्तीत जास्त पाच सेट, ज्याने आधी तीन घेतले तो जिंकला. म्हणजे पाचांतलं बहुमत. आपल्या दहावीचं ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणजे सहा विषयांपैकी ज्या पाचांत जास्त गुण पडलेत ते धरून टक्केवारी. राज्य सरकारने २०१० मध्ये हे धोरण आणलं, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. इंग्रजी व्याकरणाच्या हिशेबाने त्याचं नाव ‘बेस्ट फाइव्ह’ किंवा ‘बेस्ट फाइव्ह ऑफ सिक्स’ असायला हवं होतं. नाव रूढ झालं आहे, ते राहू दे, पण वर्गात फळ्यावर दोन्ही मांडून दाखवलं तर ‘ऑफ’च्या पुढे येतो तो गट, हे मुलांच्या कायमचं लक्षात राहील.

‘सेकंड बेस्ट’ शिकवायचा असेल तर शेक्सपिअरचं १६१६ चं मृत्युपत्र काढा. त्यात त्याने बायकोला ‘सेकंड बेस्ट बेड’ दिला आहे. चारशे वर्षं लोक त्यावर वाद घालतायत. काहींना तो अपमान वाटतो. अनेक अभ्यासक म्हणतात की त्या काळी घरातला सर्वांत चांगला पलंग पाहुण्यांसाठी राखलेला असे, आणि दुसऱ्या क्रमांकाचा तो नवराबायकोचा स्वतःचा. तसं असेल तर त्या तीन शब्दांत जिव्हाळा आहे. पलंगांची प्रतवारी कोणत्या मापाने केली, हे मृत्युपत्रात नाही, म्हणून वाद मिटत नाही. मुलांचे दोन गट करून हा वाद त्यांच्याकडून घालून घ्या, अर्धा तास छान जाईल.

पत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘बेस्ट’बद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण मोठ्या वर्गांना ईमेल लिहायला शिकवता म्हणून सांगते. नुसतं ‘बेस्ट,’ लिहून खाली नाव, हे ‘बेस्ट विशेस’ किंवा ‘बेस्ट रिगार्ड्स’चं आखूड रूप आहे. बरोबरीच्या, ओळखीच्या माणसाला चालतं. मुख्याध्यापकांना किंवा नोकरीच्या अर्जाखाली ते तुटक वाटू शकतं, तिथे ‘युअर्स सिन्सिअर्ली’ ठेवायला सांगा. ‘ऑल द बेस्ट’ आपल्याकडे परीक्षेच्या दारातच म्हणतात, इंग्लंडमध्ये ते निरोप घेतानाही म्हणतात आणि पत्राखालीही लिहितात, तेव्हा परदेशातल्या मित्राचं तसं पत्र आलं तर ‘माझी कसली परीक्षा आहे?’ असं विचारायचं कारण नाही.